यंत्रांचा जीर्णोद्धार

अज्ञातवासास निघतांना पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीच्या वृक्षावर बांधून ठेवलीं, आणि कोणी त्या वृक्षाजवळ फिरकूं नये म्हणून एक प्रेतहि तेथें बांधलें, ही विराटपर्वांतील कथा दसऱ्याच्या निमित्तानें आपल्याकडील लहान मुलासहि ठाऊक असते. वर्ष सरतां सरतां अर्जुनानें उत्तराकडून तीं शस्त्रें खालीं काढविलीं, गांडीवास प्रत्यंचा चढविली, आणि तें धनुष्य पूर्वीसारखेंच टणत्कार करूं लागलें. दिव्यास्त्रांस गंज चढत नाहीं, म्हणून कवीस या प्रसंगीं अधिक कांहीं सांगण्याची गरज पडली नाहीं. मनुष्याच्या हातच्या यंत्रास मात्र ही सवलत नाहीं. तें वर्षानुवर्षें बाजूस पडून राहिलें म्हणजे जागच्या जागीं झिजूं लागतें; आणि त्यास पुन्हां कामास लावूं पाहणाराच्या पुढें असे कांहीं प्रश्न उभे राहतात कीं, त्यांचा विचार केवळ कारागिरावर सोंपवून सुशिक्षितांनीं मोकळें होऊं नये, असें आम्हांस वाटतें.

मोटारगाडीचेंच उदाहरण घेऊं. कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट १८८६ सालीं घेतलें. तेव्हांपासून आजपर्यंत जगांत किती गाड्या निर्माण झाल्या व मोडींत गेल्या याची गणती नाहीं. त्यांतील थोड्या गाड्या कोणाच्या तबेल्यांत, कोणाच्या गोठ्यांत, कोणाच्या बंद वखारींत विसरल्या जाऊन बचावल्या. अशी एखादी गाडी पन्नास वर्षांनीं हुडकून काढावयाची व पुन्हां रस्त्यावर आणावयाची, हा पाश्चात्य देशांत एक मोठा छंद आहे. आपल्याकडेहि संस्थानिकांच्या जुन्या गाड्यांमुळें त्याचें वारें पोंचलें आहे. या छंदास श्रीमंतांचा खेळ म्हणून हिणविण्याची चाल आहे. परंतु जुनी वस्तु पुन्हां चालती करतां करतां ती तीच वस्तु राहते काय, आणि जी वस्तु लोकांनीं जाणूनबुजून दृष्टीआड केली, ती उकरून काढण्याचा अधिकार कोणास पोंचतो, हे दोन्ही प्रश्न देवालयाच्या जीर्णोद्धारास लागू पडतात तितकेच ते या लोखंडी वस्तूंसहि लागू पडतात.

बंद ठेवलेल्या मोटारीचें काय होतें, हें प्रथम पाहूं. पेट्रोल हा उडून जाणारा पदार्थ आहे. त्याचा हलका अंश कांहीं काळानें निघून जातो आणि मागें डिंकासारखा चिकट गाळ राहतो. हा गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसला कीं इंजिनाचें अन्नच तुटतें. टांकी अर्धी रिकामी असेल तर रिकाम्या भागांत हवेंतील ओलाव्याचें पाणी होतें आणि पत्रा आंतून गंजूं लागतो. इंजिन चालू असतां सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो. चालणें थांबलें कीं तो हळूहळू खालीं ओघळतो, आणि उघड्या पडलेल्या भिंतीस पिस्टनच्या कड्या गंजानें अशा जखडून बसतात कीं, हँडल मारूं जावें तर तें जागचें हलत नाहीं. मॅग्नेटोच्या तारांवरील आवरण ओल धरतें व ठिणगी मरते. चामड्याचा क्लच वाळून आखडतो किंवा एकाच जागीं चिकटून राहतो. लांकडी आऱ्यांचीं चाकें कोरड्या हवेंत आकसतात व खुळखुळूं लागतात. रबर तर नुसत्या वयानेंहि म्हातारें होतें. टायरवरील नक्षी कोरी करकरीत दिसली तरी त्याच्या बाजूस भेगा पडलेल्या असतात, आणि अशा टायरवर भरंवसा ठेवणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय. द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक पुढच्या काळांत आले. त्यांतील द्रव हवेंतील पाणी शोषून घेतो आणि आंतून नळ्या व सिलिंडर गंजवितो. सारांश, उभी असलेली गाडी विश्रांति घेत असते हा समज चुकीचा आहे. धांवणाऱ्या गाडीची झीज डोळ्यांस दिसते. उभ्या गाडीची दिसत नाहीं, इतकाच काय तो फरक.

अशा गाडीस उठविण्याचा अनुभवी मिस्त्र्यांचा जो क्रम आहे, तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. त्यांचा पहिला नियम घाई न करण्याचा. गाडी सांपडल्याबरोबर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह ज्यास आवरत नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये. कारण कोरड्या बेअरिंगांवर व गंजलेल्या सिलिंडरांत फिरविलेलें इंजिन पन्नास वर्षांत झालें नाहीं इतकें नुकसान कांहीं क्षणांत करून घेतें. म्हणून आधीं प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडतात आणि तें कित्येक दिवस मुरूं देतात. मग इंजिन हातानें बोटभर पुढें, बोटभर मागें असें सोडवीत जातात. जुनें तेल काढून, तळ उघडून, त्यांतला चिखल पुसून काढतात; टांकी धुतात; रेडिएटरांतील क्षार काढतात; आणि नवें तेल शेवटच्या बेअरिंगापर्यंत पोंचल्याची खात्री झाल्यावरच ठिणगीचा विचार करतात. दुसरा नियम असा कीं, गाडी चालते कीं नाहीं हें पाहण्यापूर्वीं ती थांबते कीं नाहीं हें पाहावें. ब्रेक, स्टिअरिंग व टायर यांची परीक्षा इंजिनाच्या आधीं. तिसरा नियम आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे: काढलेला कोणताहि भाग, तो कितीहि कुजका असो, फेंकावयाचा नाहीं. तो मोजून, रेखाटून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावयाचा. पहिले दोन नियम पाळणारास आपण चांगला कारागीर म्हणूं. तिसरा पाळणारास इतिहासकाराच्या पंक्तीस बसविण्यास हरकत नाहीं.

या हौसेच्या इतिहासांत १९२७ हें साल मोठें चमत्कारिक आहे. त्या सालीं इंग्लंडांत व वेल्समध्यें परस्परविरुद्ध अशा दोन घटना घडल्या. त्यांपैकीं दुसरी प्रथम सांगतों. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें स्वयंचलित गाडीपुढें तांबडें निशाण घेतलेला मनुष्य चालविण्याची सक्ति केली होती. निशाणाची अट पुढें १८७८ सालीं शिथिल झाली, तरी गाडीपुढें माणूस चालविण्याचें बंधन राहिलेंच. १८९६ सालच्या नव्या कायद्यानें हें जोखड उतरविलें आणि वेगाची मर्यादा ताशीं १४ मैलांपर्यंत वाढविली. तो आनंद साजरा करण्यासाठीं १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या हांकल्या. एकतीस वर्षांनीं, १९२७ च्या नोव्हेंबरांत, त्या यात्रेची स्मृति म्हणून जुन्या गाड्यांची तशीच यात्रा काढण्यांत आली. जुनाट म्हणून अडगळींत टाकलेल्या गाड्या लोकांनीं बाहेर काढल्या, पुसल्या, दुरुस्त केल्या आणि ब्रायटनच्या रस्त्यास लावल्या. त्यांतूनच १९३० सालीं जुन्या मोटारींच्या अभिमान्यांची व्हेटरन कार क्लब ही संस्था निघाली. आणि १९०५ पूर्वींच्या गाड्यांची ती यात्रा आजहि नोव्हेंबरांत निघत असते.

पहिली घटना त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांतील आहे. जुन्या गाड्या अडगळींतून वर येण्यास अजून आठ महिने अवकाश होता, आणि वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एक गाडी वाळूंत पुरली जात होती.

त्या गाडीचें नांव ‘बॅब्ज’. तिचा जन्म काउंट लुई झ्बोरोव्स्की या धनाढ्य तरुणाच्या कँटरबरीजवळील हायम येथील वाड्यांत झाला. त्यावरून तिचें मूळ नांव ‘हायम स्पेशल’ असें पडलें होतें. पहिल्या महायुद्धांत विमानांसाठीं अमेरिकेनें बनविलेलें लिबर्टी नांवाचें बारा सिलिंडरांचें इंजिन तिला बसविलें होतें. त्याची धारणा २७ लिटरांची, शक्ति सुमारें ४५० अश्वांची. गीअरपेटी बेंझ कंपनीच्या एका जुन्या प्रचंड शर्यतीच्या गाडीची होती, आणि इंजिनाची शक्ति मागच्या चाकांस साखळ्यांनीं पोंचविली जात असे. ऑक्टोबर १९२४ मध्यें झ्बोरोव्स्की इटलींतील मोंझाच्या शर्यतींत मरण पावला. त्याच्या मागें ही गाडी जॉन पॅरी-टॉमस यानें १२५ पौंडांस विकत घेतली.

पॅरी-टॉमस हा केवळ धाडसी चालक नव्हता. वेल्समधील रेक्सम गांवीं १८८५ सालीं जन्मलेला हा गृहस्थ लेलँड मोटर्स कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता, आणि १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘लेलँड एट’ या उंची गाडीची रचना त्याचीच होती. पुढें नोकरी सोडून तो ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मार्गाशेजारीं राहूं लागला आणि शर्यतीच्या गाड्यांची सुधारणा हाच त्यानें आपला व्यवसाय केला. झ्बोरोव्स्कीच्या गाडीवर त्यानें नवें निमुळतें कवच चढविलें, आपल्या रचनेचे पिस्टन घातले, चार कार्ब्युरेटर बसविले, आणि तिचें नांव बदलून ‘बॅब्ज’ असें ठेविलें. एप्रिल १९२६ मध्यें पेंडाइनच्या सपाट, लांबच लांब वाळवंटावर त्यानें ताशीं १६९.३० मैल, व दुसऱ्याच दिवशीं १७१.०२ मैल असा जगांतील भूमीवरचा सर्वाधिक वेग नोंदविला. १२५ पौंडांच्या जुन्या गाडीनें हा पराक्रम केला याचें लोकांस नवल वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं.

हा मान नऊ महिने टिकला. फेब्रुवारी १९२७ मध्यें त्याच वाळूवर माल्कम कँबेल यानें तो उच्चांक मोडला. पॅरी-टॉमस ३ मार्च १९२७ रोजीं तो परत मिळविण्यासाठीं उतरला. गाडी पूर्ण वेगांत असतां ती एकाएकीं आडवी झाली, उलटली, आणि चालक जागच्या जागीं ठार झाला. त्या वेळीं त्याचें वय ४१ वर्षांचें होतें. भूमीवरील वेगाच्या उच्चांकासाठीं प्राण गमावणारा तो पहिलाच चालक होय. त्याचा देह ब्रुकलंड्सजवळ बायफ्लीट येथील चर्चच्या आवारांत पुरण्यांत आला. आणि त्याची गाडी तेथेंच, पेंडाइनच्या वाळूंत, खड्डा खणून पुरण्यांत आली. याच महिन्याच्या २९ तारखेस सीग्रेव्ह यानें अमेरिकेंत डेटोना येथें ताशीं २०० मैलांची मर्यादा ओलांडली, आणि जगाचें लक्ष तिकडे गेलें.

गाडी पुरण्यामागची भावना समजण्यास कठीण नाहीं. ज्या यंत्रानें आपल्या धन्याचा बळी घेतला, तें पुन्हां कोणाच्या हातीं लागूं नये, त्याचे तुकडे कोणी आठवण म्हणून विकूं नयेत, आणि मित्रांच्या डोळ्यांपुढें तें पुन्हां येऊं नये, असें त्या वेळच्या माणसांस वाटणें स्वाभाविक होतें. शमीवरील प्रेताचा हेतु लोकांस दूर ठेवण्याचा होता. पेंडाइनच्या वाळूचाहि तोच होता. भेद इतकाच कीं, पांडवांस शस्त्रें परत न्यावयाचीं होतीं, आणि इकडे परत येणारें कोणी उरलें नव्हतें.

ती गाडी बेचाळीस वर्षें तेथें होती. या अवधींत दुसरें महायुद्ध होऊन गेलें आणि तो किनारा लष्करी खात्याच्या शस्त्रपरीक्षेची जागा बनला. १९६९ सालीं ओवेन विन ओवेन या वेल्समधील इंजिनिअरिंगच्या अध्यापकानें रीतसर परवानगी मिळवून गाडी उकरून काढली. वर आलेली वस्तु पाहून कोणीहि निराश झालें असतें. खाऱ्या पाण्यानें कवच खाऊन टाकलें होतें. ओल्या वाळूनें धातूचे अनेक भाग सच्छिद्र व ठिसूळ करून सोडले होते. ओवेननें तो सांगाडा आपल्या घरीं, केपल क्युरिग या डोंगरांतील खेड्यांत नेला, आणि पुढें पंधरा-एक वर्षें त्याच्यावर खपला. जे भाग वाचविण्यासारखे होते ते त्यानें साफ करून वापरले. जे नव्हते ते नवे घडविले. एका गोष्टीनें त्यास साह्य झालें. लिबर्टी इंजिनें वीस हजारांहून अधिक बनलीं होतीं, त्यामुळें त्या जातीचे सुटे भाग जगांतून नाहींसे झाले नव्हते. अखेर तें इंजिन पुन्हां गर्जूं लागलें, आणि ‘बॅब्ज’ पुन्हां आपल्या बळावर चालूं लागली. उन्हाळ्यांत ती पेंडाइन येथील संग्रहालयांत लोकांस पाहावयास ठेवण्याचा प्रघात पडला. ज्या गांवानें तिला पुरलें, त्याच गांवांत ती पाहुणी म्हणून येऊं लागली.

आतां पुरलेली वस्तु उकरणें योग्य होतें काय, हा प्रश्न घेऊं. आमच्या मतें त्याचें उत्तर त्या उत्खननानें काय हातीं लागलें यावर अवलंबून आहे. चालकाच्या मृत्यूविषयीं एक गोष्ट बेचाळीस वर्षें सर्वतोमुखीं होती: गाडीची साखळी तुटली आणि तिनें चालकाचा शिरच्छेद केला. ही कथा इतकी चित्तवेधक होती कीं, तिच्याविषयीं शंका घेण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. गाडी वर आल्यावर तिच्या भागांची तपासणी करणारांचा कल निराळ्या मताकडे झुकला. प्रथम मोडलें तें मागील उजवें चाक असावें, आणि साखळीचें तुटणें हा अपघाताचा परिणाम असावा, असें त्यांस वाटूं लागलें. लोकांच्या तोंडीं वाढलेल्या कथेस मोडक्या लोखंडानें हरकत घेतली. हें लोखंड वाळूखालींच राहिलें असतें तर एका कुशल इंजिनिअराच्या माथीं साखळीचा दोष कायमचा राहिला असता. मृताचा आदर वाळूखालीं राखतां येतो हें खरें. पण त्याच्या कामास न्याय द्यावयाचा तर तें काम उजेडांत यावें लागतें. ओवेननें सांगाडा पाहिल्याबरोबर त्यावर नवें कवच ठोकून रंग दिला असता, तर ही साक्षहि पुन्हां गाडली गेली असती, आणि या वेळीं ती रंगाखालीं गाडली गेली असती. तिसऱ्या नियमाचें महत्त्व आम्ही वर सांगितलें तें याचसाठीं.

यावर एक आक्षेप असा येईल कीं, नवे भाग घालून उभी केलेली ‘बॅब्ज’ ही पॅरी-टॉमसचीच गाडी कशी म्हणावी? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. इंग्लंडांतील उच्च न्यायालयास १९९० सालीं अशाच एका प्रश्नाचा निकाल द्यावा लागला. ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंट्ली गाडीनें १९२९ व १९३० अशा लागोपाठ दोन वर्षीं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढें शर्यतींच्या गरजेप्रमाणें तिचें इंजिन, चासी, कवच असें एकेक बदलत गेलें. १९३२ सालीं ब्रुकलंड्स येथें ती बांधाच्या कडेवरून बाहेर गेली व तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला; त्यानंतर ती पुन्हां नव्या रूपांत उभारण्यांत आली. १९९० सालीं ही गाडी एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला, आणि मग खरेदीदारानें हरकत घेतली कीं, ही ती गाडीच नव्हे. चौकशींत असें दिसलें कीं, १९२९ च्या गाडीचें किरकोळ जोडकामाखेरीज कांहीं शिल्लक नाहीं, आणि १९३० च्या गाडीचे पेडलचा दांडा, गीअरपेटीचें कवच व स्टिअरिंगचा खांब इतकेच भाग उरले आहेत. तरीहि न्यायमूर्ति ऑटन यांनीं निर्णय दिला तो विक्रेत्याच्या बाजूनें. त्यांचा आशय असा कीं, ही गाडी कधींहि नष्ट होऊन नव्यानें जन्मली नाहीं. बदल होत होत तिचें जीवन अखंड चालत आलें, आणि तिच्याऐवजीं त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनें हा निकाल समंजस आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तेवढ्यावर भागत नाहीं. अमुक गाडी तीच आहे कीं नाहीं, या प्रश्नास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर न्यायाधीशास द्यावें लागतें. अभ्यासकास असें उत्तर मिळालें तरी त्याचें काम तेथून सुरू होतें. येथें आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें स्मरण होतें. १९१९ सालीं आरंभिलेलें व १९६६ सालीं पुरें झालेलें तें कार्य म्हणजे एका अर्थानें जीर्णोद्धारच होता. हजारों वर्षें हस्तलिखितांतून वाहत आलेल्या ग्रंथांत कोणता श्लोक जुना व कोणता मागाहून घातलेला हें ठरवावयाचें होतें. डॉ. सुखटणकर व त्यांचे सहकारी यांनीं काय केलें? जो पाठ निश्चित वाटला तो सरळ छापला. जो तितका निश्चित वाटला नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढली. आणि जे श्लोक प्रक्षिप्त म्हणून गाळले ते फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेविले. वाचकास संहिता मिळाली, आणि त्याबरोबरच संपादकाच्या निर्णयाची परीक्षा घेण्याचें साधनहि मिळालें. जुन्या यंत्रांच्या जीर्णोद्धारास ही नागमोडी रेघच हवी असते. नवा भाग घालण्यास कोणाची हरकत नसावी. कारण ज्या ग्रंथाचीं पानें गळलीं आहेत तो वाचतांना अर्थ लावावाच लागतो. पण नवा भाग जुना म्हणून खपविला, त्यावर खोटा गंज चढविला, मूळ आंकडे पुन्हां ठोकले, म्हणजे तेथें प्रक्षेप सुरू झाला. असा प्रक्षेप करणारा मनुष्य गाडी वाचवीत नाहीं. तो तिची साक्ष बिघडवितो.

याच्या अगदीं उलट टोंक म्हणजे वस्तूस मुळींच हात न लावणें. त्याचेंहि एक उत्तम उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधील अस्कोना गांवापाशीं मॅजोरे सरोवरांत, १९२५ सालची ब्रेस्चिया जातीची एक बुगाटी गाडी १९३६ सालीं बुडविण्यांत आली. जकात न भरल्यामुळें अधिकाऱ्यांनीं ती साखळीस बांधून पाण्यांत सोडली, असें सांगतात. साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नासाहून अधिक मीटर खोल तळाशीं जाऊन पडली. १९६७ सालीं पाणबुड्यांस ती दिसली, आणि जुलै २००९ मध्यें ती वर काढण्यांत आली. चिखलांत रुतलेली तिची बाजू पुष्कळशी टिकली होती. पाण्याकडची बाजू झिरझिरीत झाली होती. जानेवारी २०१० मध्यें पॅरिस येथें ती लिलांवांत २,६०,५०० युरोंस गेली, आणि तें द्रव्य एका स्थानिक तरुणाच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या न्यासास मिळालें. विकत घेणाऱ्या कॅलिफोर्नियांतील संग्राहकानें ती दुरुस्त केली नाहीं. जशी सांपडली तशी, गंजलेल्या व खंगलेल्या स्थितींतच, ती आपल्या संग्रहालयांत मांडली. पाण्यानें जें लिहिलें तें वाचतां यावें, हा त्यामागील विचार आम्हांस पूर्ण मान्य आहे. त्या गाडीचा इतिहास म्हणजे तिचें बुडणेंच होतें; तिला चकचकीत करून रस्त्यावर आणलें असतें तर तिच्यासारख्या अनेक गाड्यांत आणखी एकीची भर पडली असती, इतकेंच.

मग ‘बॅब्ज’ चालती करणें योग्य, आणि सरोवरांतील बुगाटी तशीच ठेवणें योग्य, हे दोन्ही निर्णय एकाच वेळीं बरोबर कसे? आमच्या समजुतीप्रमाणें त्यांत विरोध नाहीं. दोन्हीकडे कारागिरानें स्वतःस एकच प्रश्न विचारला: या वस्तूंत सांगण्यासारखें जें आहे, तें तिच्या चालण्यांत आहे, कीं तिच्या जखमांत? ‘बॅब्ज’चें महत्त्व एका माणसाच्या रचनाकौशल्यांत होतें, आणि इंजिनाची रचना कागदावर जितकी समजते त्याहून कितीतरी अधिक ती चालू असतां समजते. बंद घड्याळावरून घड्याळजीची योग्यता कळत नाहीं. उलट बुगाटीची रचना इतर गाड्यांवरून जगास ठाऊक होती. तिचें स्वतःचें असें जें होतें, तें पाण्याखालीं गेलेल्या त्र्याहत्तर वर्षांचें होतें.

आपल्या देशांतहि या प्रश्नाची दखल सरकारास घ्यावी लागली आहे. भारत सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या दुचाकी व चारचाकी वाहनांस त्यांत निराळा वर्ग दिला आहे. मात्र वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें आणि त्याच्या चासींत, कवचांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी किंवा डागडुजी अशाच कारणांसाठीं ती बाहेर निघावी असें ठरलें आहे. या नियमांत एक चांगली दृष्टि आहे. जुन्या गाडीस जगूं द्यावें, परंतु तिच्यावर आजच्या संसाराचा भार लादूं नये. घरांतील वृद्धांस आपण असेंच वागवितों. पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द लिहिणें जितकें सोपें, तितकेंच तें ठरविणें कठीण. आणि तें काम कचेरींतील कारकून करूं शकणार नाहीं. तें गाडी उघडणाराच्या वहींतूनच सिद्ध होणार.

आमच्याकडे अशा वह्या ठेवण्याची संवय अजून पडलेली नाहीं. जुना वाडा पाडतांना कोरीव तुळया विकल्या जातात, आणि छापखान्यांतील जुनीं यंत्रें वजनावर भंगारांत जातात. ज्यांच्या घरीं आजोबांची एखादी गाडी, घड्याळ, शिवणयंत्र किंवा ग्रामोफोन कापडाखालीं झांकून ठेवलेला असेल, त्यांनीं तो दुरुस्तीस टाकण्यापूर्वीं एक दिवस खर्च करून त्याचें वर्णन लिहून ठेवावें: कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, कोणी बदलला, केव्हां. मिस्त्र्यानें काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत आणि डब्यांत घालून त्यावर नांव टाकावें. याला पैसे लागत नाहींत. यंत्र मग पुन्हां चालूं लागलें तर आनंदच आहे; नाहीं चाललें तरी त्याचा इतिहास आपल्या हातून पुसला जाणार नाहीं.